वाया गेलेली तीन बीजं

३ फेब्रुवारी

ज्या फलित स्त्रीबीजात दोनऐवजी तीन केंद्रकं दिसतात, ते कुणाचं? सोमीबाईचं, की कुणाचंच नाही? मला सांगता येत नाही. एम.एस्सी. करूनही नाही.

सोमीबाईची नऊ बीजं काल टेस्ट-ट्यूब बाळासाठी काढून तिच्या नवऱ्याच्या शुक्राणूंसोबत ठेवली. आज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पाच चांगली, एक न फळता तसंच राहिलेलं, तिनांत मात्र दोन-दोन शुक्राणू शिरलेले. अशी पोटात ठेवत नाहीत. आजवर मी ती जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकत आले. आज आमच्या केंद्राचे डॉ. हेमकांत म्हणाले, "टाकू नकोस, वाढव. पुण्याच्या प्रयोगशाळेला मूलपेशींसाठी हवी आहेत."

अशा एका बीजापासून वर्षानुवर्षं वाढणाऱ्या पेशी! त्यातून मज्जातंतू, हृदयाचे स्नायू! "शोधनिबंधात तुझंही नाव घालू, प्रिस्किला." मी लगेच घरी फोन केला. आई म्हणाली, "फोटोपण येईल का?"

४ फेब्रुवारी

उरलेली बीजं संशोधनाला देण्याचं संमतीपत्र बघायला फाईल काढली. आहे. सोमीबाईचा अंगठा, तिच्या नवऱ्याची, रायसिंगची, वाकडी सही. खाली साक्षीदार — मी!

आठवलं. पहिल्याच दिवशी नर्स कामिनीताई सगळे कागद पत्त्यांसारखे पसरते, म्हणजे शाई एकदाच लावून सगळीकडे अंगठे होतात. सोमीबाई बिचकत होती. आमच्या बोलीत बोलणारी तिथे मी एकटी, म्हणून तिचा अंगठा मीच धरला. दोन कागद समजावले. उरलेल्यांचं, ह्याचंही, काय सांगितलं? "बाकीचे असेच असतात."

असेच असतात! शिकलेली म्हणे!

५ फेब्रुवारी

डॉक्टरांना म्हटलं, त्यांना विचारायला हवं. संशोधनाची संमती वेगळी, समजावून घ्यावी लागते.

"काय विचारणार? फेकायचीच होती ना?"

कामिनीताई हसली — "कचराले कोणी इचारस का वं पोरी?"

"कचरा आहे, तर पुण्याला गोठवून कशाला पाठवता?"

डॉक्टर म्हणाले, "तुला इथे कामाला कुणी लावलं, ते विसरू नकोस."

नाही विसरले. अंगठा कुणी धरला, तेही नाही. रागाने नळ्यांवर नावं लिहिताना दोनदा चुकले.

६ फेब्रुवारी

रजा टाकून विसरवाडीला गेले. सोमीबाई अंगणात तूर निवडत होती. सगळं सांगितलं. माझंही.

तिने सूप खाली ठेवलं.

"मी तुझ्याकडे बघून अंगठा दिला, पोरी. डॉक्टरकडे बघून नाही."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

मग तिने विचारलं, "त्याने कुणाचं दुखणं बरं होईल?"

"होईलही. खूप वर्षांनी. नक्की नाही."

"मग तेव्हाच विचारायचं होतंस. आम्ही दोघं बसून ठरवलं असतं."

रायसिंग आला. ऐकून एवढंच म्हणाला, "बाई, नाही म्हटलं तर आमचं काम अडवतील?"

मुलासाठी आठ वर्षं वाट पाहिलेला माणूस. त्याला ही भीती घालणारे आम्ही कोण? मी म्हटलं, अडवू देणार नाही. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. दोघं उद्या सांगतो म्हणाले.

एसटीत रडले नाही. दात आवळून बसले.

७ फेब्रुवारी

सकाळी दोघं केंद्रात आले. मला बाजूला घेऊन सोमीबाई म्हणाली, "नको. पुण्याला नको. जशी टाकतात तशी टाक." चांगल्यांतली दोन तिच्या पोटात ठेवून होईपर्यंत तिचा नकार मी कुणाला कळू दिला नाही, म्हणजे काम अडणार नाही.

त्या तीन बीजांतलं एक पाचव्या दिवसापर्यंत सुंदर वाढलं होतं. असं मी आजवर पाहिलं नव्हतं. पुण्याला हवं होतं, अगदी तसंच.

अकरा वाजता तिन्ही इनक्युबेटरमधून काढली आणि पिवळ्या पिशवीत टाकली. मग त्या न समजावलेल्या संमतीबद्दल नीतिमत्ता समितीकडे तक्रार दिली. चुकलेल्यांच्या यादीत पहिलं नाव माझं आहे.