दस्त्याले पाजलेलं तेल

फुलसावंगी, १२ जून २०२५

ती. खेमसिंग भियाले धाकट्या बहिणीचा, गंगीचा, शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोन करता, मी उचलत नाही, राग मानू नोका. अपेक्षाच्या बाबाले जाऊन दोन वर्ष होतात, तरी बोलाले गेली की रडूच येते. म्हणून लिहून राह्यली.

बंदुकीचं लायसन अपेक्षाच्या नावावर झालं. पोरगी म्हणते, डुकरं सोयाबीन ठेवत नाहीत, मीच राखण करते. ठाण्यातून परत भेटलेली बापाची बंदूक घेऊन ती तुमच्या दुकानात येऊन राह्यली. दस्त्यावर रक्ताचा डाग तसाच आहे, मले पाहवत नाही. अक्रोडाचं लाकूड आणून तो दस्ता तुम्हीच केलता, आता तुम्हीच घासून द्या.

तांड्यात अजून म्हणतेत, अपेक्षाच्या बापानं, उत्तमसिंगनं, शेतात स्वतःच गोळी घालून जीव दिला. भिया, त्या सकाळी भांडणात मी त्यायले म्हटलं होतं, शेतातच मरा, घरी येऊ नोका. माणसानं ते खरं केलं. कोणाले सांगू नोका.

वहिनीची पाठ कशी आहे? की तुमच्या चहापायी तिले अजून चुलीपासून उठूच देत नाही? लोभ आटू देऊ नोका.

तुमची गंगी

लोहारा, ३ जुलै २०२५

चि. गंगीले अनेक आशीर्वाद. हात सवयीनं 'सौ.' लिहाले गेलता, थांबवला.

तीन दिवस काचपेपर मारला, डाग निघाला. मग लाकडाले तेल पाजासाठी दस्त्यातलं लोखंड, घोड्याची सारी कळ, काढलं. घोड्याच्या खाचेत जवसाचं तेल सुकून डिंकासारखं बसलं होतं. घोडा चढवला की पुरता अडकतच नव्हता. रिकामी बंदूक जमिनीवर जराशी आपटली, घोडा सुटला. पाच खेपा पाहिलं, पाचही खेपा सुटला.

ते तेल माझं आहे. आधी लोखंड काढा लागते, मग लाकडाले तेलाचा पातळ हात देऊन तळवा गरम होईपर्यंत घासाचं, दिवसभर वाळू द्याचं. जन्मभर दुसऱ्यायले हेच शिकवलं. पण उत्तमसिंगले घाई होती अन् मले चमक दाखवाची हौस. लोखंड न काढताच वरून तेल पाजत गेलो, ते झिरपून खाचेत बसलं.

गंगी, त्यायनं जीव नाही दिला. बंदूक टेकवताना सुटली. तुझ्या बोलण्यानं काही झालं नाही, माझ्या हातानं झालं. वाटलं, साफ करून गुपचूप पाठवून द्यावं, कोणाले कळते? तुझी वहिनीही म्हणे, सांगू नोका, बहीण तुटीन. दोन दिवस तसाच बसून राह्यलो. आता तू म्हणशील तर ठाण्यात लिहून देतो. लोखंड साफ केलं नाही, ठाण्यात दाखवाले तसंच ठेवलं.

माया ठेव म्हणाले तोंड नाही.

खेमसिंग

फुलसावंगी, ९ जुलै २०२५

ती. भियाले नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं, मग अपेक्षाले दिलं. दोन वर्ष मी त्या माणसावर चिडून होती, सांगून ना सवरून सोडून गेला म्हणून. तो तर संध्याकाळी घरी येणार होता. कालपासून पुन्हा नव्यानं रडून राह्यली.

तुमचा राग येते, भिया. लय येते. लहानपणापासून तुमच्या हातच्या कामावर मी मिरवत आली. तुम्ही वहिनीचं ऐकलं असतं तर मी तुम्हाले चांगलंच म्हणत राह्यली असती अन् स्वतःले जाळत.

तुम्हाले वाटत असेल, गंगी म्हणेल झालं ते झालं. नाही म्हणत. माझ्या पोरीले लोकं म्हणतेत, बापानं जीव दिला. ते कागदावरून निघालं पाहिजे. सोमवारच्या पहिल्या गाडीनं या, बंदूक जशी आहे तशी आणा. मी फाट्यावर उभी राहीन. ठाण्यात तुमच्याजवळच बसीन, काय होईल ते होवो.

पण तिथून परस्पर लोहाऱ्याले जा. तुमच्यासाठी चूल पेटवणं आता माझ्यानं होणार नाही.

तुमची बहीण,
गंगी