शेरडांवर ढकललेला खोकला

आबा,

लिहायचं म्हणून वही कितीदा उघडली आणि कितीदा उठून चहाला गेलो. माझं बूड कुठं टिकत नाय, तुम्हीच म्हणायचात. आत्ताही महाडच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसलोय, तुमची लेक, आपली बाय, आत वाफ घेतेय, आणि मी कंपनीच्या पाळीच्या बसगाड्या बघत बसलो होतो.

तुम्ही माझी शेरडं विकलीत तो दिवस. बाय एवढीशी, खोकून खोकून निळी पडलेली. पोट तर तिचं जन्मापासूनच बिघडलेलं, शी करताना रक्त जायचं. पण आपल्या वाडीत वाटणी ठरलेली, पोटाचं भगताकडं, छातीचं डॉक्टरकडं, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाय. तुम्ही अंगणात सगळ्यांदेखत म्हणालात, "ह्याच्या शेरडांच्या केसांनी पोरीची छाती भरली." बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं माझं करडू टेम्पोत चढलं. आई चुलीपाशी तोंड फिरवून भाकरी थापत होती. मला वाटलं, तीपण माझ्यावरच चिडलीय. मग मी घरात राहिलोच नाय. हिरकणीवाडीत पर्यटकांना पिठलं वाढलं, ट्रकवर क्लीनर झालो, पार गोव्यापर्यंत. तुमच्या दहाव्याला आलो तेव्हाही हात धुऊनच बायजवळ गेलो.

परवा मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन आजार नाहीतच. जन्मतःच जनुकात दोष, त्यामुळं शरीर स्वतःच्याच आतड्यांवर उठतं, आणि तीच आग फुप्फुसात पोचलीय. औषधानं पुढचं थांबेल कदाचित, पण जेवढं फुप्फुस निबर झालं ते परत मऊ होणार नाय. मी शेरडांचं विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाय.

येताना एसटीत आई खिडकीकडं बघत बोलली. "तुझ्या आबांना म्हाईत होतं रे. तेव्हाच्या डॉक्टरनं पोट चाचपून वळखलेलं. म्हनाला, घराण्याच्या रक्तातून आलंय, तुमच्या भावालापन सांगा, पोरीला मुंबईला न्या. हे म्हनाले, बोभाटा झाला तर पोरीला कोन करून घेईल. मला गप ऱ्हायला लावलं."

आबा, घाबरलात ते समजतं. पण मग मला कशाला पुढं केलंत? बाय आता जिन्यात मधेच बसते, आणि वर मलाच विचारते, दमलास काय रे.

हे पत्र टाकायचं कुठं. एक मात्र सांगतो, परवापासून काकांचा नंबर लावतोय आणि वाजायच्या आत कापतोय. मलाही वाटलं, कशाला बोभाटा.

थांबा, रिक्षा आली. पोलादपूरहून काकाच उतरतायत. आपल्यासाठी नाय आले, मला बघून दचकलेत. कडेवर नात आहे. खोकतेय.

जातो. आधी तिच्या पोटाचं विचारतो.