एका शब्दाची इंग्रजी

१ जुलै
गल्लीतल्या जिपारानं फोनमधलं बोलून ठेवायचं बटण दाखवलं. लिहिणं मला येत नाही, बोलणं थांबत नाही. म्हणजे ही सोय माझ्यासाठीच झालेली. आजपासून रोज बोलणार. एकही दिवस चुकवणार नाही.

बातमी: तिलेक ऑगस्टच्या सुरुवातीला येतोय. बरोबर सून मेगन आणि नातू एल्दार. एल्दार धरून धरून उभा राहतो. इथं पोचेपर्यंत पाऊल टाकेल, म्हणजे पहिल्या पावलाला पोराच्या पायांत बांधून कापतात ती दोरी आपल्याच अंगणात कापली जाईल. ती एकदा कापली की पोर आयुष्यात अडखळत नाही. तिलेकची दोरी याच अंगणात कापली होती. तो अडखळला नाही खरा, सरळ शिकागोला जाऊन थांबला.

तिलेक माझा धाकटा. धाकट्यानं आईच्या घरी राहायचं, हा आमचा रिवाज. तो घरीच राहतो. फक्त ते घर तिकडे आहे.

संकल्प: मेगनशी तिच्या भाषेत बोलायचं. मधे तिलेक नको. तो माझं अर्धंच पोचवतो आणि तिचं पावच आणतो.

४ जुलै
दोन दिवस बोलले नाही. गाय आजारी होती. (बरी होती. मी विसरले.)

जिपारा शाळेत इंग्रजी शिकवते. तिला म्हटलं, पोरी, डोकं जुनं आहे, जागा थोडी आहे. एकच शब्द दे, पण मोठ्या कढईसारखा, सगळं शिजेल असा. तिनं विचार केला आणि म्हणाली, रन घ्या. रन म्हणजे पळणं. पण अपा, म्हणते (अपा म्हणजे आई, सगळी गल्ली मला तेच म्हणते), तिच्या जाड शब्दकोशात याच एका शब्दाला पानंच्या पानं लागली आहेत.

एक शब्द घेतला, पानंच्या पानं वर. बाजारात इतकं कुणी देत नाही.

९ जुलै
प्रगती. नळाचं पाणी वाहतं तेही रन. पोराचं नाक वाहतं तेही रन. धुताना लाल ओढणीचा रंग पांढऱ्या सदऱ्यावर उतरला, तेही रन. दुकान चालवणं रन, निवडणुकीला उभं राहणं रन. आमचा सरपंच उभा राहिला तेव्हा जागचा हलला नव्हता, तरी रन. मी हिशोब धरला, निम्मी इंग्रजी आली.

शेजारची बुरुल कुंपणावरून म्हणाली, झूरा, इतक्या लांबून सून येणार आणि तू तिला पळ म्हणणार? मी म्हटलं, तुझ्या दोन्ही सुना तुझ्याच अंगणात राहतात, भाषाही तुझीच बोलतात, कधी बोलतात का तुझ्याशी? ती घरात गेली. मला जरा वाईट वाटलं. फार नाही.

१५ जुलै
पहिला प्रयोग. एक जर्मन सायकलवाला दारात थांबला. रिकामी बाटली दाखवली. मी अंगणातल्या नळाकडे हात केला आणि स्पष्ट म्हटलं, रन. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे पाहिलं, आणि सायकलवर बसून निघून गेला.

त्याची इंग्रजी कच्ची असणार.

२१ जुलै
तिलेकचा फोन. ट्रकचं काम वाढलंय, म्हणाला, अपा, लाँग रन लागला. मी मधेच ओरडले, कळलं, कळलं. जिपाराला विचारून खात्री केली. ट्रकची लांबची खेप, तीही रन. मुलाच्या तोंडून आलेला शब्द जसाच्या तसा पकडला. खुशीत बुरुलला बोलावून चहा टाकला.

चहा ओतताना लक्षात आलं, येणं ऑगस्टअखेरीला गेलं. चांगलंच झालं. सरावाला वेळ मिळाला.

३ ऑगस्ट
काळी लोकर, पांढरी लोकर, दोन्ही एकत्र वळून दोरी केली. घरोघरी सांगून आले. आपला एल्दार उभा राहील, गल्लीतली पोरं अनवाणी पळत येतील, पहिला येईल तो त्याच्या पायांतली दोरी कापेल. सगळे म्हणाले, येऊ. बुरुलसुद्धा. तिनं विचारलं, तिकिटं काढली का गं त्यांनी? मी म्हटलं, हल्ली तिकिटं आयत्या वेळी काढतात.

१२ ऑगस्ट
यंदा जमत नाही, तिलेक म्हणाला. मेगनला रजा नाही. एल्दार केव्हाच चालायला लागलाय. तिथं बागेत आपले लोक जमले होते, आपल्याकडची, नारीनची एक म्हातारी आहे, तिनं त्याचा हात धरला आणि दोरी कापून टाकली. सांगायचं राहिलं, म्हणाला. म्हातारी फार चांगली आहे, सगळ्यांची आजीच आहे ती.

असेल.

पण ते बागेतलं. घरचं राहिलंय, आणि आमंत्रणं गेलीत. मी तोडगा काढला. अंगणाच्या टोकाला स्टूल, स्टुलावर फोन, फोनमध्ये एल्दार. इथं पोरं पळतील, तिथं मेगन धागा कापेल. तिलेक हसला, बरं म्हणाला. तो ट्रकवर असेल, फोन मेगन उचलेल. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. मेगनशी मीच बोलणार. बुरुल म्हणते, फोनच्या पायाला दोरी कशी बांधशील? तिला नव्या गोष्टी कळत नाहीत.

१८ ऑगस्ट, संध्याकाळ
सगळे आले. कणकेचे बोरसोक तळून परात भरली होती. जिपारानं फोन लावून दिला. मी माझी दोरी आणि सुरी स्टुलाशी ठेवली.

मेगन दिसली. गाडीत होती, केस ओले. मागे एल्दारचा एक बूट दिसला, पाय हलत होता. मी जोरात म्हटलं, मेगन, रन! हात करून पोरांकडे दाखवलं. तिकडून पोरं सुटलीच होती. ती हसली. खूप गोड हसली. मग घाईघाईनं काहीतरी बोलली, त्यात शेवटी माझा शब्द होता. हात हलवला आणि फोन काळा झाला.

जिपारा सांगायला पुढे आली. मी म्हटलं, राहू दे. निघायला हवं, असंच ना? ती हो म्हणाली. हा अर्थ तिनं शिकवला नव्हता. माझा मलाच आला.

पोरं धापा टाकत पोचली. बुरुलची नात अदिना पहिली. तिनं सुरी उचलली, स्टुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. विचारलं, अपा, काय कापू?

बुरुलनं परात उचलून पोरांपुढे धरली.

मी म्हटलं, आत टरबूज आहे, ते काप.

गोड निघालं म्हणतात.