वडिलांचे नाव

३ फेब्रुवारी, सोमवार

फॉर्म बंद पडलाय म्हणे! काही बंद पडलेला नाही. मी स्वतः तीनदा भरून पाहिला — लॅपटॉपवर, फोनवर, आईच्या जुन्या फोनवरसुद्धा. तिन्ही वेळा ‘आपला अर्ज मिळाला’ असं हिरव्या अक्षरात आलं.

शालूबाईंचा सकाळी फोन. शिबिर घेणाऱ्या ट्रस्टच्या ऑफिसात त्या बसतात, येणारा प्रत्येक फोन त्याच घेतात. “पोरी, बायका फोन करत्यात. बटण दाबलं तरी जात न्हाय म्हणत्यात.” मी म्हटलं, नेट नसेल त्यांच्याकडे. “नेट हाय की! व्हॉट्सअॅपवर मला फोटो धाडत्यात की फॉर्मचे!”

बघते म्हटलं. सहा वर्षं झाली, कोल्हापुरात राजारामपुरीत वेबसाइटी बनवायचं माझं हे दोन खुर्च्यांचं ऑफिस चालवते. पन्नासेक फॉर्म केले असतील. फॉर्म म्हणजे काय रॉकेट आहे?

शिबिर २३ तारखेला इचलकरंजीत. ऐकू न येणाऱ्या मुलांची तपासणी, आणि पाच वर्षांच्या आतल्यांना कानाचं मशीन फुकट. एकशेवीस जागा. नोंदणी १५ तारखेपर्यंत, फक्त माझ्या फॉर्मवरून.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं! अगदी साधं होतं.

काही चुकलं तर लाल अक्षरात सूचना येते — पण ती येते फॉर्मच्या डोक्यावर. बटण तळाशी. छोट्या फोनवर माणूस तळाशी बटण दाबत बसतो, सूचना वर कुठंतरी लपलेली. त्याला वाटतं, बटण मेलं! आता ज्या रकान्यात चूक, त्याच्याच खाली सूचना येईल आणि स्क्रीन आपोआप तिथं सरकेल. अर्ध्या तासाचं काम. स्वतःलाच शाबासकी देऊन चहा प्यायला गेले.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज अकरा अर्ज. आधी दिवसाला चार यायचे. बघा!

६ फेब्रुवारी, गुरुवार

“अजून जात न्हाय.” — शालूबाई. या बाई नमस्कार वगैरे काही म्हणत नाहीत.

पुन्हा बसले. या वेळी खरंच गंमत सापडली. लोक मोबाइल नंबर मराठी आकड्यांत लिहितात — ९८ असा. माझा फॉर्म फक्त इंग्रजी आकडे ओळखत होता. मराठी फॉर्म, मराठी सूचना, आणि मराठी आकडा आला की म्हणे ‘योग्य क्रमांक लिहा’! दोन्ही आकडे चालतील असं केलं. नंबरच्या मध्ये जागा सोडली तरी चालेल असंही केलं. आता कुणाची बिशाद आहे अडकायची.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एकूण अर्ज एकाहत्तर. बरं चाललंय असं मला वाटत होतं.

दुपारी पार्श्वनाथकाका आवटींचा फोन. ट्रस्ट त्यांचाच. कापडाचं दुकान मुलाकडे सोपवून आता ते हेच करतात. त्यांना स्वतःला एका कानानं ऐकू येत नाही, म्हणून फोनवर हळू बोलतात — लोक उलट करतात. म्हणाले, “स्वप्नाली, प्रतिसाद कमी दिसतोय. डॉक्टर चार बोलावले होते, दोघांना नको म्हणून सांगतो सोमवारी. साठ-सत्तर मुलांसाठी एवढा घाट कशाला?”

मी म्हटलं, “हो काका, तसंच दिसतंय. ज्यांना गरज आहे त्यांनी भरलेत.”

फोन ठेवला आणि पाच मिनिटांत शालूबाई. काकांनी त्यांनाही सांगितलं असणार. काय चिडल्या होत्या!

“गरज न्हाय? आज नऊ जणींचे फोन आलेत मला!”

“शालूबाई, मी पाचशे वेळा तपासलाय फॉर्म. त्या काहीतरी चुकीचं भरत असतील.”

“तुझं मशीन शानं हाय ग. पर नऊ बायका खोटं कशापायी बोलतील? तू एकदा बघ की जाऊन, त्या कशा भरत्यात.”

ठीक आहे म्हटलं. उद्या त्यांना घेऊन इचलकरंजीला जाते. एकदा दाखवून द्यावं म्हणजे विषय मिटेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

विषय मिटला नाही.

स्कूटीवर मागं शालूबाई. इचलकरंजीत शिरलं की आधी यंत्रमागांचा आवाज येतो, मग गाव दिसतं. गल्लीतल्या प्रत्येक शेडमधून खडखडखडखड. त्यांनी मला एका घरी नेलं — बायडाबाई, साठीच्या. तीस वर्षं मागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरतायत. त्यांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळं बोलणं ओरडून. शेजारी त्यांची नात, शिवन्या. कपाळावर सरळ कापलेले केस. मी “शिवन्या” म्हणून हाक मारली, तिनं वर पाहिलं नाही. शालूबाईंनी फरशीवर पाय आपटला तेव्हा पाहिलं, आणि हसली.

२ मार्चला पाच वर्षांची होते ती. त्यानंतर या योजनेत मशीन नाही.

मी म्हटलं, “आजी, माझ्यासमोर भरा बघू. मी काही बोलणार नाही.”

शिकलेल्या आहेत चौथीपर्यंत. एका बोटानं, पण चोख भरत होत्या. मुलीचं नाव. जन्मतारीख. पत्ता. मोबाइल — मराठी आकड्यांत! मी मनात म्हटलं, बघा, परवाच दुरुस्त केलंय. मग रकाना आला: वडिलांचे नाव. बायडाबाई थांबल्याच नाहीत. लिहिलं: न्हाय.

बटण दाबलं. स्क्रीन छान सरकली. रकान्याखाली छान लाल अक्षरात आलं: ‘कृपया योग्य नाव लिहा.’

माझ्याच दुरुस्तीनं माझीच सूचना अगदी ठळक दाखवली.

“बघा की वं बाई,” बायडाबाई ओरडल्या. “धा दिस झालं, ह्योच घोळ. योग्य नाव लिव्हा, योग्य नाव लिव्हा! माझ्या लेकीला योग्य गावला असता तर मी कशाला मोबाइल धरून बसलो असतो?”

शालूबाई फिस्सकन हसल्या. बायडाबाईही हसल्या. मी नाही.

“काय झालं त्यांचं?” मी विचारलं.

“पोरीला ऐकू येत न्हाय म्हटल्यावर गेला. सरळ गेला. पोरगी माझी दुसऱ्या पाळीला मागावर जाते, मी हिला बघतो.” मग जरा खाली वाकून, ओरडण्याच्याच आवाजात पण हळू बोलल्यासारखं: “त्याचं नाव लिव्हलं तर चालंल व्हय? पर मी न्हाय लिव्हणार. लेकीनं सांगितलंय, लिव्हायचं न्हाय.”

मी म्हटलं, नाही लिहायचं. अजिबात लिहू नका.

त्यांचा अर्ज तिथंच माझ्या वहीत उतरवून घेतला. निघताना शिवन्यानं स्कूटीच्या हेडलाइटवर हात ठेवला. मी इंजिन सुरू केलं तशी तिनं दुसराही हात ठेवला. थरथर लागत होती तिला. बराच वेळ तशीच उभी होती, आणि मलाही गाडी काढवेना म्हणून मी तशीच बसले.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी असून ऑफिसला आले. सर्व्हरचा लॉग काढला. फॉर्म ज्या-ज्या वेळी एखादा अर्ज परत पाठवतो, त्या वेळी कोणत्या रकान्यात काय लिहिल्यामुळे पाठवला, तेवढी एक ओळ तिथं लिहून ठेवतो. मी कधी उघडून पाहिलाच नव्हता. कशाला पाहीन? माझा फॉर्म चालत होता!

मोबाइल नंबरच्या जुन्या ओळी सोडल्या तर सगळ्या एकाच रकान्यावरच्या. वडिलांचे नाव: न्हाय. वडिलांचे नाव: वारले. सोडून गेले. माहीत नाही. आईच आहे. एकीनं नुसतीच रेघ मारलेली. एकीनं लिहिलंय, ‘ते आमच्यात राहत नाहीत पण मुलगी हुशार आहे.’

नियम मीच लिहिलेला. रकाना रिकामा नको. नावात कुठंही रेघ, टिंब, आकडा नको. आणि ‘नाही’, ‘न्हाय’, ‘आहे’, ‘गेले’ अशा नावात न बसणाऱ्या शब्दांची एक यादी — दिसले की अर्ज परत. पोरं टोरं गंमत म्हणून काहीबाही भरतात, ते गाळायला. कुणी सांगितलं नव्हतं मला. माझंच डोकं. आणि काय खूश होते मी त्यावर! एकही फालतू अर्ज येत नाही म्हणून काकांना फोन करून सांगितलं होतं.

नियम काढला. रकानाच बदलला: ‘मुलाला सांभाळणाऱ्याचे नाव’. दहा मिनिटं लागली.

पण जे परत गेले ते गेले. लॉगमध्ये फोन नंबर नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

काकांनी डॉक्टरांना फोन करायच्या आत गाठायचं म्हणून नऊलाच ट्रस्टमध्ये. वाटेत ठरवत होते कसं सांगायचं — ‘तांत्रिक अडचण होती’ वगैरे. समोर बसल्यावर ते काही तोंडातून निघेना.

“काका, प्रतिसाद कमी नव्हता. मी अर्ज परत पाठवत होते. ज्या मुलांना वडील नाहीत, त्या सगळ्यांचे.”

त्यांनी चांगला कान माझ्याकडे केला. “पुन्हा सांग.” पुन्हा सांगावं लागलं. मोठ्यानं. शिपायानंही ऐकलं.

काकांनी समोरची अर्जांची यादी बाजूला सारली. मग: “कुणी सांगितलं होतं असा नियम घालायला?”

“कुणी नाही.”

“हं. मग आता कसं शोधायचं त्यांना?”

तेवढ्यात शालूबाईंनी टेबलाच्या खणातून एक वही काढून माझ्यासमोर आपटली. फोन आला की नाव, गाव, नंबर, पोराचं वय — सगळं लिहून ठेवलेलं. निळ्या पेनानं, तिरक्या अक्षरात. अठ्ठावन्न नावं!

“मला काय ठावं,” म्हणाल्या, “कवा लागंल ते लागंल म्हटलं.”

काकांनी वही हातात घेतली, पानं उलटली आणि म्हणाले, “चारही डॉक्टर येतील. स्वप्नाली, तू बस इथंच. फोन लाव.”

११ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर फोन. काल एकवीस, आज तेवीस. मी विचारते, शालूबाई ओरडतात, मी भरते. वडिलांचं विचारत नाही. कुणाकडे आहे पोर, एवढंच. आजी, मामा, मावशी, एका ठिकाणी शेजारीण. एक बाई कसबा बावड्याहून म्हणाली, “मला वाटलं आमचं पोर तुमच्या योजनेत बसत न्हाय.” मी म्हटलं, बसतं. फॉर्म चुकीचा होता. तुम्ही बरोबर होता.

हे वाक्य आज वीस वेळा तरी म्हटलं असेल. चौथ्या-पाचव्या वेळी सोपं जायला लागलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नोंदणी बंद. एकशे छत्तीस! काकांनी सोळा जागा वाढवल्या. फॉर्म आता घोड्यासारखा पळतोय, आणि या वेळी मी तो एकटीनं तपासलेला नाही — शालूबाईंना आणि त्यांच्या सुनेला बसवून, काही न बोलता, भरताना पाहिलंय. यापुढं हाच रिवाज. माणूस भरताना बघितल्याशिवाय माझा फॉर्म बाहेर जाणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

शिबिर. पाय दुखतायत, पण लिहिलंच पाहिजे.

शिवन्याचा नंबर चौऱ्याहत्तरावा. तपासणीत डॉक्टर म्हणाले, थोडं ऐकू येतंय, मशीननं काम होईल. मशीन बसवलं तेव्हा ती आधी घाबरली. मग बायडाबाई बोलल्या — नेहमीच्याच आवाजात, सगळा हॉल वळून बघेल अशा — “शिवन्या!” आणि त्या पोरीनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि आजीकडे असं रागानं पाहिलं की डॉक्टरच हसायला लागले.

“आता हळू बोलायला शिकावं लागणार, आजी,” मी म्हटलं.

“ते काय जमायचं न्हाय,” बायडाबाई म्हणाल्या. डोळे पदरानं पुसत होत्या.

काकांनी जाताना पुढच्या वर्षीचं कामही मलाच सांगितलं. मी हो म्हटलं. का नाही म्हणू? आता कुठं हे काम मला खरं येतंय.

५ मार्च, बुधवार

वडिलांच्या नावाचा तो नियम मी या फॉर्मसाठी लिहिलाच नव्हता. आज जुन्या फाइली चाळल्या — माझ्याच दोन वर्षांपूर्वीच्या एका कामातून जसाच्या तसा उचललेला. दुसऱ्या एका संस्थेचा फॉर्म. वडील वारलेल्या मुलींची शिष्यवृत्ती.

अशा मुली वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ लिहितात. टिंबासकट. आणि टिंब दिसलं की माझा नियम अर्ज परत पाठवायचा.

त्या वर्षी अर्ज आले चार. संस्थेनं विचारलं तेव्हा मीच म्हणाले होते, फॉर्म चोख आहे. त्यांनी योजना बंद केली.

त्या फॉर्मचाही लॉग अजून आहे. परत पाठवलेले अर्ज तीनशे सात. फोन नंबर एकीचाही नाही.