तळ्याचं कलम समुद्राला

३ मार्च
थांब. आधी हे सांग, डायरीबाई, बीडकडच्या पोरीनं समुद्रावर कायदा करू नये असं कुठं लिहिलंय? दात काढू नको. अंबाजोगाईला कॉलेजात युवा संसद हाय, विषयाची चिठ्ठी मी उचलली, तू न्हाई. निघालं काय, तर ‘सागरी परिसंस्था संरक्षण व व्यवस्थापन विधेयक’. मी मंत्री. समुद्र बघितलेला न्हाई. लिहीत होते ती कथा अर्धीच टाकली. वीस तारखेपर्यंत नुसती कलमं.

५ मार्च
लायब्ररी. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत मासेमारी राज्याकडं, पुढं केंद्राकडं. घरी आल्यावर मामाला सांगितलं. आमच्या तळ्यावरल्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन माणूस, म्हणाला, "आन् माशाला कुणी सांगितलं गं, बारावा मैल कुठं संपतो ते?"
झालं कलम एक. दोन्ही सरकारांनी मिळून एकच आराखडा.

८ मार्च
मामासंगं तळ्यावर गेलते. पाणी लई खाली. आमच्यात दुष्काळाची रीत ठरलेली: मोरीचा, म्हंजे तळ्याचं पाणी सोडायच्या दाराचा, उंबरा उघडा पडला की मधल्या डोहाभोवती चुना लावलेले दगड मांडायचे. आत जाळं न्हाई. तिथली मरळ मासळी जगली, तर पाऊस झाल्यावर पिल्लं सगळ्या तळ्याची.
यंदा बापू आडवा. सोसायटीतला सगळ्यात जुना मेंबर. "डोह बी आटणार हाय चेअरमन. मरळ काय बगळ्याला राखायली? काढा आन् वाटून घ्या."
निम्मे मेंबर त्याच्याकडं. चोवीसला सभा. डोह जातोय असं दिसतंय.

१४ मार्च
प्रवाळ, खारफुटी, विणीच्या महिन्यांत बंदी... अकरा कलमं. सातवं मामाचं: जिथं जाळं बंद, तिथल्याच कोळ्यांना विचारून बंद, आन् राखणही त्यांच्याकडंच. "न्हाईतर राखणार कोण? तू?"
दहावं कलम, कथेत लिहिते तसं, क्रियापदाशिवाय लिहून बघितलं. लई भारी. कायदा वाटंना. फाडलं.

२० मार्च
फजिती!! कलम नऊ मोठ्यानं वाचलं: ‘पाणी मोरीच्या उंबऱ्याखाली जाताच जाळी बंद.’ तळ्याचे नियम समोर ठेवून उतरवत होते, तसंच राहिलं. विरोधी बाकावरून चौसाळ्याचा गडी उठला. "मंत्रीबाई, समुद्राची मोरी कुठल्या गावाला येते?"
हॉल फुटला. मी पण हसले. मग काय झालं काय माहीत, बोलत सुटले. समुद्र आटत न्हाई हीच तर भानगड. वरून पाणी तेवढंच दिसतं, खाली मासा संपत आलेला असतो. आमाला निदान उंबरा तरी दिसतो.
मोरी खोडली, ‘जाळ्यात मासा कमी येऊ लागताच’ घातलं. विधेयक पास. चौसाळेकरानं पण हात वर केला. मागच्या रांगेत मामा उभा राहून टाळ्या वाजवायलाय.

२२ मार्च
घोळ. मामानं गावभर केलंय, "जाळं बंदीचा कायदा पास झाला. माझ्या डोळ्यासमोर. सभापतीनं हातोडा आपटला." डोहाला दगड लागले. चार तर बापूनं स्वतः आणले, सरकारच्या भ्यानं.
मामाला बाजूला घेतलं. "मामा, ती पोरांची संसद होती."
"हातोडा तर खरा होता की."
ह्याला कळलंच न्हाई, का लई नीट कळलंय?

२३ मार्च
गप बसले तर मरळ वाचते. पण उद्या कुणी तालुक्याला जाऊन विचारलं तर दगड बी जातील आन् मामाची अब्रू बी. शिवाय सातवं कलम. विचारून बंद. मीच वाचून दाखवलंय, माईकवर.

२४ मार्च
तळ्याच्या बांधावर सभा. उठले, सांगून टाकलं. संसद कॉलेजातली. दिल्लीत असलं काई झालेलं न्हाई. आन् झालं असतं तरी ते समुद्राचं, आपल्या तळ्याला लागत न्हाई. मामानं उपरणं तोंडाला लावलं. खांदे हलत होते. हसत होता बहुतेक.
बापू भडकला. "मंग मी कावून दगडं वाहिली?"
"ते मी कसं सांगू बापू? आता राहू द्यायचे का उचलायचे, तुमीच सांगा. हात वर करा, राहू द्यायचे म्हणणारांनी."
मग बापूचा हात मांडीवरून उठला. वर चाललाय का टोपी सावरायला, ते बघायला थांबले न्हाई; ठरवायचं त्यांचं त्यांनी. रस्त्याला माझी कॉलेजची, अंबाजोगाईची गाडी आली होती. पळतच सुटले.