बर्फगाडीचं इंजन आणि मालतीची अट

१२ मार्च १९८३
कॅनडातनं मेव्हण्यानं पाठवलेली पेटी आली. बर्फावर पळायच्या गाडीचं इंजन. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोघांनी सहज उचललं. तिकडं लोक हेच घरी बांधलेल्या विमानाला लावतात म्हणे. माझ्या विमानाचा सांगाडा दोन वर्षं गडमुडशिंगीच्या शेडात इंजनावाचून पडलाय. जेवणात ध्यान नव्हतं.
मालती पेटीभोवती फिरली. "वर गेल्यावर बंद पडलं तर?" बायकोची अट: आधी जमिनीवर तासभर सलग चालवून दाखवायचं, मगच विमानात बसायचं. कबूल.

२० मार्च
शेडात लोखंडी स्टँडवर इंजन लावलं. दहा मिनिटांत तापून बंद. बर्फाची सवय त्याला, आणि इथं कोल्हापूरचं ऊन. विमानाच्या पंख्याचा वारा अंगावर आला तर निवंल? इंजन फार जोरात फिरतं, म्हणून मधी पट्टा लावून फेरे निम्मे करायचे, त्यावर लाकडी पंखा. इस्माईलभाईंकडं गेलतो. फौंड्रीत लोखंड ओतायच्या साच्यासाठी लाकडी नमुने, म्हंजे पॅटर्न, करणारा असा हात शिवाजी पेठेत दुसरा न्हाय. चोपन्न इंची सांगितला.

९ एप्रिल
पंखा देखणा, पण बोल्ट बसेनात. मापला, अर्ध्या इंचानं लांब. भाई तापले, स्वतःची पट्टी आणून दाखवली. बघतो तर पॅटर्नची पट्टी! ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून तिच्यावरचा इंचच मोठा. भाई म्हणाले, "चाळीस वर्षं हीच पट्टी हातात. लाकूड कुठं आकसायला बसलंय?" हसून पोट दुखलं. नवा करतो म्हणाले, ऐकेनात.

२४ एप्रिल
नवा पंखा चपखल. २६ मि. चाललं. मग प्लग काजळीनं काळा. पेट्रोलात तेल जास्त. कमी करावं तर पिस्टन धरणार, जागच्या जागी जाम. नेमकं किती कमी? डोक्यात दुसरं काही न्हाय.

१ मे
तेल थोडं कमी करून लावलं. मालती स्वतः घड्याळ घेऊन शेडात बसली. चाळीस मि. पन्नास. आवाज एकसारखा. साठ झाली तरी ती काट्याकडंच बघत होती. मीच बंद केलं. आनंदानं टाळीसाठी हात पुढं केला, तिनं दिला न्हाय.
"बंद पडंल म्हणूनच घातलती अट," म्हणाली. "आता काय घालू?"
एस.टी.नं घरी आलो. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला लिहू, उडायचंही हाय. इंजन अजून स्टँडवरच. सांगाड्याला चार बोल्ट पिळायचेत फक्त.