शेवटच्या घरची तार

प्रिय अप्पा,

तुम्ही जाऊन पंधरा दिवस झाले. काल सेल्वी तंजावूरला घरी आली होती, ओरत्तनाडुच्या मजूरवस्तीत शिवणकाम करणारी. तिनं जे सांगितलं ते कुणाशी बोलू? म्हणून तुम्हीच गिरवून घेतलेल्या बाळबोध अक्षरांत लिहिते आहे. चुका काढत बसू नका!

त्या वस्तीतल्या झावळ्यांच्या छपरांना पॅनेलचं वजन पेलत नाही, म्हणून सोलरच्या योजना बाजूनंच निघून जायच्या. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर तुम्ही बायकांना गोळा केलंत आणि समाजमंदिराच्या गच्चीवर सगळ्यांची मिळून पॅनेल बसवण्याचा घाट घातलात. अट एकच: तार कडमडैकडून, म्हणजे शेवटच्या घराकडून ओढायची. कालव्याच्या शेवटच्या शेतांना आपल्याकडे कडमडै म्हणतात, पाणी तिथं सगळ्यांत उशिरा पोचतं. तुम्ही तर पंगतीतही टोकाकडूनच वाढायला घ्यायचात. आई किती चिडायची!

मी इंजिनियर ना, दीडशहाणी! तुम्ही आजारी पडलात आणि मी रस्त्याकडून काम सुरू केलं. सोपं पडतं म्हणून. तार संपली, आणि शेवटचं घर राहिलं ते सेल्वीचं. मशीनची नवी मोटर तिच्याकडे खोक्यातच पडून आहे.

इस्पितळात तुम्ही रोज विचारायचात, "सेल्वीकडं पोचली का गं?" एक दिवस मी म्हणाले, "आच्चु, अप्पा." आपल्या मराठीत खोटं बोलले की माझा आवाज बदलतो, तुम्ही लगेच ओळखता. म्हणून 'झालं' हे तमिळमध्ये म्हणाले. तुम्ही नुसती मान हलवलीत. मला वाटलं, सुटले.

काल कळलं, त्याच संध्याकाळी तुम्ही सेल्वीला फोन केला होता. तिनं खरं ते सांगितलं. त्यावर तुम्ही तिला म्हणालात, "मुलीला विचारू नकोस. ती करेल."

का नाही रागावलात, अप्पा? एरवी चारचौघांत माझी खरडपट्टी काढायचात, मग तेव्हाच का गप्प बसलात? त्यानंतर चार दिवस मी तुमच्या उशाशी होते. फार लाज वाटते, आणि तुमची फार आठवण येते.

नवी तार आली आहे. उद्या सकाळी सेल्वीच्या दारापासून ओढायला घेते. यापुढे कुठल्याही वस्तीत शेवटच्या घरापासूनच सुरुवात करीन. तिचं मशीन विजेवर चाललेलं डोळ्यांनी पाहीन, मगच तुमच्या फोटोपुढे उभी राहीन आणि आपल्या मराठीत सांगेन, "झालं, अप्पा."

तुमची,
तुळजा